एका कोल्ह्याला वाचवायला दुसऱ्या कोल्ह्याला मारायचं?

उत्तरवारा
नमस्कार मंडळी, बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या. आम्ही ट्रॉम्सोला राहतो, नॉर्वेच्या पार डोक्यावर, सहा वर्षं झाली. यंदा ईस्टरच्या सुट्टीत नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाच्या गावी गेलो होतो, वाडसोला. वारांगर नावाचं द्वीपकल्प आहे, त्याच्या पलीकडे रशिया. झाड म्हणून नाही. गुडघ्याएवढी खुरटी बर्चची झुडपं, तीही दरीत, बाकी नजर जाईल तिथवर टुंड्रा.

तर तिथल्या आजोबांची शेड बघितली. फळ्यांवर उलटी ताणून वाळत घातलेली लाल कोल्ह्यांची सात कातडी. माझी मुलगी आठ वर्षांची, ती दारातच थांबली. आजोबांनी तिला घाबरवलं नाही, कॉफीचा मग खाली ठेवला आणि स्कूटरच्या मागे जोडलेली घसरगाडी दाखवली (स्कूटर म्हणजे बर्फावरची, आपली अ‍ॅक्टिव्हा नव्हे). त्यात एका बाजूला रायफल आणि दुसऱ्या बाजूला कुत्र्याच्या कोरड्या खाण्याची पोती. रायफल लाल कोल्ह्यासाठी, पोती पांढऱ्या कोल्ह्यासाठी. त्यांचा पुतण्या तिथे सरकारी रेंजर आहे, हे त्याच्याबरोबर मदतीला जातात.

भानगड अशी की पांढरा म्हणजे ध्रुवीय कोल्हा इथे जवळजवळ संपला होता. स्वीडनने १९२८ ला आणि नॉर्वेने १९३० ला शिकारबंदी केली, म्हणजे बंदीला शंभर वर्षं होत आली, तरी २००० च्या आसपास नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड मिळून ४० ते ६० च मोठे कोल्हे उरले होते. आणि दक्षिणेकडून लाल कोल्हा वर सरकतोय. तो वजनाने दुप्पट, पांढऱ्याची बिळं बळकावतो, पिल्लं मारतो. म्हणून वारांगरमध्ये २००५ पासून लाल कोल्हे पद्धतशीर मारतात.

मुलीने गाडीत विचारलं, "आई, लाल कोल्ह्याने काय केलं होतं?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही काय दिलं असतं?

चहाबिस्कीट
पहिला!
आता वाचतो.

अनामिका_पुणे
बापरे, सात कातडी. मुलीने विचारलं ते अगदी बरोबर विचारलं. कोणता प्राणी जगायचा आणि कोणता मरायचा हे ठरवणारे आपण कोण? लाल कोल्हा काय पासपोर्ट काढून आला होता का? निसर्गात जो टिकतो तो टिकतो, आपण कशाला मध्ये पडायचं.

नाना_सातारकर
अनामिकाताईंशी सहमत. माणसाने ढवळाढवळ करायची, मग ती निस्तरायला आणखी ढवळाढवळ, हे काय खरं नाही. आमच्या लहानपणी असले प्रकल्प नव्हते आणि रानात प्राणी भरपूर होते.

खोकडप्रेमी
धागा उत्तम, पण आधी एक दुरुस्ती, नाहीतर मला रात्री झोप येणार नाही. मराठीत कोल्हा म्हणजे इंग्रजीतला जॅकल. ज्याला इंग्रजीत फॉक्स म्हणतात तो आपल्याकडे खोकड. आमच्या सोलापूरकडच्या माळावर दोन्ही आहेत आणि कुठल्याही धनगराला विचारा, तो तुम्हाला लांबून चालीवरून सांगेल कोणतं काय ते. खोकड लहानसं, झुपकेदार शेपटीच्या टोकाला काळं. तेव्हा तुमचे दोन्ही "कोल्हे" ही खरं तर खोकडं आहेत.

चहाबिस्कीट
मग ती द्राक्षं नक्की कोणाला आंबट लागली?

खोकडप्रेमी
कोल्ह्यालाच. तो द्राक्षं खातो. तासगावच्या बागाईतदारांना विचारा :)

उत्तरवारा
खोकडप्रेमी, मान्य. यापुढे लाल खोकड, पांढरं खोकड. मुलीला पण शिकवते.

नाना, अनामिकाताई, तुमचं म्हणणं मलाही आधी पटत होतं. पण "निसर्गात जो टिकतो" इथे गोची आहे. पांढरं खोकड आधी कमी झालं ते फरच्या व्यापारापायी, एका कातड्याला महिन्याच्या पगाराएवढे पैसे मिळायचे म्हणतात. ती ढवळाढवळ झालेलीच होती. आणि लाल खोकड वर आलं ते नुसतं हवा गरम झाली म्हणून नाही. वाटेत त्याचं जेवण कोणी मांडून ठेवलं हा प्रश्न आहे. आत्ता मुलीला शाळेत सोडायचंय, आल्यावर लिहिते.

आकडेमोड
जेवणाच्या मुद्द्यावर थोडं. १९९२ मध्ये हेर्स्टाइनसन आणि मॅकडोनाल्ड या दोघांनी एक मांडणी केली, ती अजून या विषयात पाया मानली जाते. लाल खोकडाची उत्तरेची हद्द अन्नावर ठरते, मोठं शरीर पोसायला उत्तरेत पुरेसं मिळत नाही. पांढऱ्याची दक्षिणेची हद्द लाल ठरवतं. पांढऱ्याला थंडीची गरज नाही हो, त्याला फक्त लाल नको असतं. थंडी त्याला कुंपण म्हणून उपयोगी पडत होती.

आता या कुंपणाला भोक कसं पडतं ते बघा. नंतरच्या लोकांनी कॅनडातल्या बॅफिन बेटावरचं बघितलं तर लाल खोकड पसरलं ते हवामानापेक्षा माणसांच्या वस्त्यांच्या मागोमाग. अलास्काच्या प्रुडो बे तेलक्षेत्रात तेच, तेलाच्या कामामुळे उकिरडे आणि आडोसे झाले, लाल आलं आणि जवळची बिळं पांढऱ्याकडून गेली. उलट कॅनडातल्याच युकॉनच्या किनाऱ्यावर आणि हर्शेल बेटावर माणूस फार नाही, तिथे चाळीस वर्षांत हवा तापली तरी लाल खोकडाने पांढऱ्याला हुसकलेलं नाही.

नाना_सातारकर
म्हणजे उकिरडा आवरा, खोकड आपोआप आवरेल. मी हेच तर म्हणत होतो.

आकडेमोड
तुम्ही हे म्हणत नव्हतात नाना. तुम्ही काही करू नका म्हणत होतात.

चहाबिस्कीट
*पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे*

अँकरेजकर
मी अलास्कात आहे, बारा वर्षं झाली. तुमच्या खोकडांच्या भांडणापेक्षा मोठं प्रकरण आमच्याकडे चाललंय, तेही टुंड्रातच, फक्त प्राणी अस्वल आहे.

नैऋत्य अलास्कात मुलचॅटना नावाचा कॅरिबूंचा कळप आहे. कॅरिबू म्हणजे रेनडियरच, रानटी. १९९० च्या दशकाच्या मध्याला हा कळप दोन लाखांच्या घरात होता. २०१९ पर्यंत तेरा-चौदा हजारांवर आला. तिकडच्या युपिक (मूळ रहिवासी) गावांचं हिवाळ्याचं मांस म्हणजे हा कळप, ती शिकार २०२१ पासून बंद. माझ्याबरोबर काम करणारी एक बाई तिकडच्या गावची, ती सांगते की आईच्या फ्रीझरमध्ये आता दुकानातलं चिकन असतं आणि आई ते खाताना तोंड वाकडं करते.

मग राज्याच्या खात्याने ठरवलं की वासरं अस्वलं आणि लांडगे खातात, तर ते कमी करा. २०२३ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला हेलिकॉप्टरमधून १७ दिवसांत ९४ तपकिरी अस्वलं, ५ काळी अस्वलं आणि ५ लांडगे मारले. पुढच्या वर्षी आणखी ८१ तपकिरी अस्वलं. लोक कोर्टात गेले. मार्च २०२५ मध्ये कोर्ट म्हणालं की हे राज्यघटनेला धरून नाही, लोकांना नीट नोटीस दिली नाही आणि त्या भागात मुळात अस्वलं किती हेच मोजलेलं नाही. खात्याने तातडीचा नियम काढून मे महिन्यात पुन्हा ११ मारली, पुन्हा कोर्ट, मग जुलैत राज्याच्या शिकार बोर्डाने नव्याने मंजुरी दिली. अजून दळण चालूच आहे.

अनामिका_पुणे
हेलिकॉप्टरमधून!! मी हा धागा वाचणं बंद करतेय.

खोकडप्रेमी
अँकरेजकर, मग कॅरिबू वाढले का?

अँकरेजकर
खातं म्हणतं वासरं जास्त वाचतायत. विरोधातले म्हणतात की कळप दोन लाखांवर गेला तेव्हाच त्याने स्वतःचं कुरण खाऊन संपवलं होतं. कॅरिबूला हिवाळ्यात लागतं ते दगडफूल, एकदा तुडवलं की परत यायला दशकं लागतात. त्यात कळपात ब्रुसेलोसिस सापडला, ज्याने गाभ पडतो. आणि टुंड्रात आता विलोची झुडपं माजलीत, त्याच्यावर मूस (घोड्याएवढी हरणं) वाढले, मूसवर लांडगे जगतात. म्हणजे कॅरिबू कमी झाले तरी लांडगा उपाशी मरत नाही, त्याची दुसरी खानावळ चालू आहे, आणि येताजाता कॅरिबू मिळाला तर तोही सोडत नाही.

मला स्वतःला काय वाटतं? मी त्या बाईच्या आईला सांगू शकत नाही की तुझं जेवण गेलं तर गेलं. पण मोजल्याशिवाय मारणं म्हणजे पासबुक न बघता चेक फाडणं.

नाना_सातारकर
दगडफूल म्हणजे आपलं मसाल्यातलं? ते हरणं खातात?

अँकरेजकर
त्याच जातकुळीतलं. आमच्या गोडा मसाल्याच्या डब्याचा वास घेऊन कॅरिबू आला तर मला नवल वाटणार नाही.

सुगरण_मी
अवांतर: अलास्कात दगडफूल कुठे मिळतं? माझी बहीण सिअ‍ॅटलला आहे, तिला मिळत नाही.

अँकरेजकर
आईने दिलेला अर्धा किलोचा पुडा आहे, चार वर्षं पुरवतोय.

उत्तरवारा
आले. अँकरेजकरांनी झुडपांचं सांगितलं ते इथेही आहे. पण मला आजोबांच्या पुतण्याने जे दाखवलं ते सांगायचंय, कारण ते माझ्या डोक्यातून जात नाहीये.

आम्ही स्कूटरवरून आत गेलो, तासाभराने त्याने थांबवलं आणि फावड्याने बर्फ उभा कापला, केकचा काप काढतात तसा. वर भुसभुशीत, मग बोटभर जाडीचा काचेसारखा बर्फ, मग परत भुसभुशीत, परत काच. अशा तीन काचा. म्हणाला, पूर्वी हिवाळ्यात इथे पाऊस पडत नसे. आता जानेवारीत पाऊस पडतो आणि दुसऱ्या दिवशी गोठतो. खाली लेमिंग राहतात (उंदरासारखे, गुबगुबीत), ते बर्फाखालच्या पोकळीत हिवाळाभर पिल्लं घालतात. काच झाली की पोकळी बंद, गवत बंद. लेमिंगांची भरती दर तीन ते पाच वर्षांनी यायची आणि त्या वर्षी पांढऱ्या खोकडाला एका वेताला बारा-पंधरा पिल्लं व्हायची. भरती नसेल तर त्याचं घर चालतच नाही.

आणि हीच काच रेनडियरला पण नडते. खुराने फोडता येत नाही, मग ते उपाशी मरतात. मग त्या मेलेल्या रेनडियरवर हिवाळाभर कोण जगतं? लाल खोकड. म्हणजे एकाच पावसाने पांढऱ्याचं ताट काढलं आणि लालच्या पुढे ठेवलं. वर रस्त्यावर गाडीखाली आलेले प्राणी, सुट्टीच्या केबिनींचा कचरा, मासेमारीच्या बंदरातली घाण.

मी त्याला म्हटलं मग तू गोळी कोणाला मारतोस? तो हसला, म्हणाला पावसाला नेम लागत नाही.

खोकडप्रेमी
हे फार भारी सांगितलंत.

जुन्नरी
पहिल्यांदाच लिहितोय, आतापर्यंत वाचनमात्र होतो. हे सगळं वाचून हसू पण आलं आणि बरं पण वाटलं की आमच्यासारखेच सगळीकडे आहेत. टुंड्राचं मला काय कळत नाही. पण कोणी ताट मांडलं हा प्रश्न आमच्या गावात रोज आहे फक्त आम्ही बिबट्याबद्दल बोलतो. धरणं झाली, पाट आला, ऊस आला, ऊस वर्षभर उभा, त्यात मादी पिल्लं घालते, ती पिल्लं जंगल कधी बघतच नाहीत त्यांना ऊस हेच जंगल. आणि खायला गावातली कुत्री, कोंबड्या, शेळ्या. नगरच्या अकोले तालुक्यात अभ्यास झाला होता त्यात बिबट्याच्या खाण्यात जवळजवळ ४० टक्के कुत्रीच निघाली. २००१ नंतर इकडे शंभरावर बिबटे पिंजऱ्यात धरून लांब नेऊन सोडले होते तर हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले.

ताई तुमच्या मुलीला सांगा लाल खोकडाने काही केलं नव्हतं. आमच्या बिबट्याने पण काही केलेलं नसतं. पण ज्याच्या घरात झालंय त्याला हे सांगून बघा.

अनामिका_पुणे
बंद करते म्हणाले होते पण वाचतेय. जुन्नरी दादा, तुमच्याकडे कोणाला...?

जुन्नरी
आमच्या वस्तीवर नाही. शेजारच्या वस्तीवर झालंय. नको लिहायला.

लेहरिटर्न
जुन्नरीसाहेब, नमस्कार. मी फौजेत होतो, लडाखला दोन टर्न झाले. टुंड्रा नाही पण टुंड्राचा चुलतभाऊ, झाड नाही, गवत बोटभर. तिथे हाच खेळ कुत्र्यांचा. आमच्या कॅम्पांच्या लंगरमागे कुत्री वाढली, पर्यटक आले तशी हॉटेलांमागे वाढली. हिवाळ्यात पर्यटक गेले, काही कॅम्प खाली झाले की तीच कुत्री टोळ्या करून बाहेर. काळ्या मानेच्या क्रौंचाचं घरटं जमिनीवर असतं, पाणथळीत, वर्षाला दोन अंडी. मी हानलेकडे स्वतः बघितलंय, जोडी ओरडत उभी आणि तीन कुत्री पाण्यातून घरट्याकडे. आम्ही दगड मारले, शिट्ट्या मारल्या. आणि लाजेची गोष्ट म्हणजे त्यातल्या एकाला मी ओळखत होतो, आमच्याच लंगरचा होता, मोती. मीच त्याला रोटी घालायचो.

खोकडप्रेमी
मोतीचं वाचून थांबलो जरा.

आकडेमोड
सगळे "मारून उपयोग नाही" कडे झुकताय म्हणून मुद्दाम उलट बाजू मांडतो. उपयोग होतो, काही ठिकाणी फारच होतो.

एक, अलास्काची अल्युशियन बेटं. तिथल्या बहुतेक बेटांवर मुळात खोकड नव्हतंच. अठराव्या शतकात रशियन फर व्यापाऱ्यांनी पांढरी खोकडं आणून बेटांवर सोडली, म्हणजे शेती केल्यासारखी. जमिनीवर घरटी करणारे समुद्रपक्षी साफ झाले. पुढे शास्त्रज्ञांनी तुलना केली तर खोकड नसलेल्या बेटांवर पक्षी शंभरपटीच्या आसपास जास्त. गंमत पुढे आहे: पक्षी गेले म्हणजे त्यांची विष्ठा गेली, विष्ठा म्हणजे खत, ते गेल्यावर बेटांवरचं हिरवं कुरण जाऊन टुंड्रा झाला. एका खोकडाने बेटाची झाडोरा बदलला! १९४९ पासून अमेरिकन सरकारने चाळीसपेक्षा जास्त बेटांवरून खोकडं काढली. अल्युशियन गूज नावाचा हंस नामशेष झाला असं समजत होते, १९६२ मध्ये बुल्डिर बेटावर थोडे सापडले, २००१ मध्ये धोक्याच्या यादीतून बाहेर, तेव्हा संख्या ३७ हजारांच्या आसपास.

दोन, स्वीडन-नॉर्वेच्या डोंगरात ज्या ठिकाणी लाल मारणं आणि पांढऱ्याला खाऊ घालणं दोन्ही एकत्र केलं तिथे पांढरं वाढलं. नुसतं एकच केलं तर तेवढं नाही.

बेटाला कड असते, तिथे शेवटचं खोकड असतं. द्वीपकल्पाला नसते. वारांगरमध्ये मारलेल्या खोकडाची जागा भरायला मागे आख्खा फिनलंड आहे.

चहाबिस्कीट
"बेटाची झाडोरा बदलला". झाडोरा पुल्लिंगी आहे, आकडेमोड. आकडे बरोबर, व्याकरण चूक.

आकडेमोड
बेटाचा. धन्यवाद मास्तर.

अनामिका_पुणे
पण म्हणजे तिथे पांढरं खोकड व्हिलन आणि नॉर्वेत तेच हिरो? एकच प्राणी?

आकडेमोड
हो. म्हणून "लाल खोकडाने काय केलं" याचं उत्तर खोकडाच्या अंगात शोधून मिळणार नाही, ते कुठे उभं आहे त्यावर आहे.

गोंयकार_सडा
वास्कोहून देव बरें करूं. आमच्या इथे हेडलँड सड्यावर ध्रुवीय संशोधनाचं केंद्र आहे, भारताचं आर्क्टिकमधलं हिमाद्री स्टेशन इथूनच चालतं, २००८ पासून, नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर नी-ओलेसुंदला. आमच्या शेजारचा एक तिथे जाऊन आला. त्याने सांगितलेलं: तिथे पांढरं खोकड वस्तीत फिरतं, लाल नाहीच, लेमिंग पण नाहीत. ते कड्यांवरचे पक्षी, हंसांची अंडी आणि मेलेले रेनडियर यांवर जगतं. आणि तिथल्याच लाँगइयरब्येन गावात मांजर पाळायला बंदी आहे, पक्ष्यांसाठी. मला ते जाम आवडलं. प्राणी वाढून बसल्यावर हेलिकॉप्टर काढण्यापेक्षा बोटीतून उतरतानाच नको म्हणायचं.

चहाबिस्कीट
माझी मांजर हे वाचतेय आणि तिने मला तक्रारनिवारण कक्षाचा नंबर मागितलाय.

नाना_सातारकर
एक विचारतो, रागावू नका. त्या पांढऱ्याला कुत्र्याचं खाणं घालतात म्हणालात. मग ते खाणं लाल खात नाही? आणि किती वर्षं घालणार? आमच्याकडे देवळासमोर माकडांना घालतात, आता माकडं पिशवी हिसकतात.

उत्तरवारा
नाना, बरोबर नेमका प्रश्न. लाल खाऊ नये म्हणून डबे केलेत. लाकडी पेटी असते, आत जायला अरुंद पाइप, पांढरं बारीक म्हणून घुसतं, लालचे खांदे अडकतात. मी एक बघितली, पाइपच्या तोंडाशी पांढरे केस चिकटलेले होते आणि आजूबाजूला बर्फावर लालची पावलं, गोल गोल. फिरफिर फिरून गेलेलं.

किती वर्षं याचं उत्तर कोणाकडे नाही. ओप्डालजवळ सेटरफ्येलेटला प्रजनन केंद्र आहे, २००५ पासून, तिथे कुंपणात जन्मलेली पिल्लं डोंगरात सोडतात. वारांगरला पण अशीच आणून सोडली, नुसतं लाल मारून तिथली संख्या काही वर आली नव्हती. सगळं मिळून तीन देशांत आता साडेपाचशेच्या आसपास झालीत. फिनलंडमध्ये २०२२ ला पांढऱ्याला पिल्लं झाली, १९९६ नंतर पहिल्यांदा. पण म्हणतात स्वतःच्या पायावर उभं राहायला दोन हजारांच्या आसपास लागतील, तोवर पोती वाहायची. लेमिंगांची भरती नीट येत नाही त्या वर्षी ही पोती म्हणजेच लेमिंग.

त्या केंद्रावर गरुडांनी कुंपणात उतरून काही खोकडं नेली होती. गरुड पण संरक्षित! तिथे पुतण्याने हात वर केले.

अँकरेजकर
मग गरुडावर कोण सोडायचं?

चहाबिस्कीट
जाळी. जाळीला वाचवायला माणूस. माणसाला पगार. पगाराला टॅक्स. आलो आपण सातारकर नानांच्या पेन्शनवर.

खोकडप्रेमी
नानांच्या माकडांवरून सुचलं. आपल्याकडे म्हण आहे, कोल्हा काकडीला राजी. आपण ती हिणवायला वापरतो, थोडक्यात खूश होणारा म्हणून. पण प्राणी म्हणून बघितलं तर तीच त्याची ताकद आहे. पांढरं खोकड लेमिंगासाठी अडून बसतं, लाल काकडीला राजी आहे. मेलेला रेनडियर चालतो, केबिनचा कचरा चालतो. जग बदलतं तेव्हा काकडीला राजी असणारे पसरतात. माळावर बघा ना, लांडगे कमी झाले, माळढोक जवळजवळ गेला, भटकी कुत्री वाढली.

आणि आता खरी बातमी. खरा कोल्हा, म्हणजे आपला जॅकल, २०२० च्या सुमाराला नॉर्वेच्या फिनमार्कमध्ये लाक्सेल्वजवळ कॅमेऱ्यात सापडलाय. बाल्कनमधून सरकत सरकत. ताई, तुमच्या वारांगरच्या शेजारीच की हो.

उत्तरवारा
काय सांगता! म्हणजे माझं शीर्षक शेवटी बरोबर ठरणार.

नाना_सातारकर
मग त्याला मारणार का? तो तर आपला माणूस.

आकडेमोड
इथे कायद्याची गंमत आहे. माणसाने आणून सोडलेला प्राणी परका धरतात आणि काढतात, स्वतःच्या पायाने चालत आलेला पाहुणा. पण त्याची वाट आपण मोकळी केली, लांडगे मारून आणि हवा तापवून, तर तो चालत आला की आणला?

एक नोंद अजून, मारण्यावर वाद घालताना उपयोगी. १९७० च्या दशकाच्या शेवटापासून स्वीडनमध्ये लाल खोकडांत खरुजीची साथ आली, संख्या धाडकन पडली, आणि ससे, रानकोंबडे वाढले. साथ ओसरली, खोकडं परत आली, ससे परत खाली. म्हणजे खोकडाचा दाब खरा आहे, कल्पना नाही. पण परत आलीच. आख्ख्या देशात खरूज जे टिकवू शकली नाही ते स्कूटरवरचे चार रेंजर टिकवतील का?

अँकरेजकर
टिकवायचं नसेल कदाचित. वेळ काढायचा असेल. मुलचॅटनात पण मी हेच म्हणतो, वेळ काढण्यासाठी मारत असाल तर मिळालेल्या वेळात काय करणार ते आधी सांगा. कुरण मोजणार? रोग तपासणार? की पुढच्या वर्षी परत हेलिकॉप्टर?

अनामिका_पुणे
मी सुरुवातीला जे लिहिलं ते आता तसंच्या तसं लिहिणार नाही. पण एक सांगते, "व्यवस्थापन" हा शब्द मला अजून टोचतो. मारतो म्हणा सरळ. त्या आजोबांनी कातडी लपवली नव्हती ना, लहान मुलगी आली म्हणून? ते मला बरं वाटलं.

उत्तरवारा
नाही लपवली. उलट तिच्या हातात दिलं एक. तिने शेपटीवरून हात फिरवला आणि विचारलं याचं नाव काय होतं. आजोबांना मराठी-नॉर्वेजियन मिश्रण कळलं नाही, मी भाषांतर केलं नाही.

तिला मी काल रात्री सांगितलं, लाल खोकडाने काही केलं नव्हतं, त्याला भूक लागली होती आणि जेवण दिसलं. ती म्हणाली मग जेवण उचलून ठेवा ना. आता केबिनींच्या कचऱ्याला झाकणं बसवता येतील, रस्त्यावरचे मेलेले प्राणी उचलता येतील. पण टुंड्रावर विखुरलेले मेलेले रेनडियर कोण उचलणार, आणि उचलायचे तर वूल्वरिन (अस्वलासारखा दिसणारा छोटा शिकारी प्राणी) आणि गरुड काय खाणार, पांढरं खोकड पण त्यांच्यावर चार घास खातं. सामी, म्हणजे इथल्या मूळ लोकांचे पाळीव रेनडियर आहेत ते, त्यांचं नुकसान वेगळंच.

लेहरिटर्न
ताई, लंगरचा कचरा गाडण्याची ऑर्डर आमच्याकडे कागदावर पहिल्यापासून होती. मुलगी बरोबर बोलतेय. करणं कठीण एवढंच.

सुगरण_मी
मला वाटलं हा धागा कोल्हापूरबद्दल आहे म्हणून उघडला होता, सगळा वाचला. छान चर्चा.

जुन्नरी
सगळं वाचलं. आमच्याकडे आता बिबट्याच्या नसबंदीचं चाललंय, होईल तेव्हा होईल. आम्ही शेतकरी एकच मागतो की शेतीची लाईट दिवसा द्या. रात्री पाणी भरायला जावं लागतं म्हणून माणूस आणि बिबट्या एका बांधावर येतात. यात बिबट्याला काहीच करायचं नाही, फक्त लाईटचं वेळापत्रक बदलायचंय. पण त्याला कोणी वन्यजीव व्यवस्थापन म्हणत नाही, म्हणून त्याच्या बातम्या पण होत नाहीत.

आत्ता पावणेदोन झालेत. लाईट आली. मोटर चालू करून येतो.

उत्तरवारा
दादा, एकटे जाऊ नका. बॅटरी घ्या.

खोकडप्रेमी
मोबाईलवर गाणी लावा मोठ्याने. आणि आल्यावर इथे लिहा.

उत्तरवारा
जुन्नरी दादा?

चहाबिस्कीट
जागा आहे मी पण.

जुन्नरी
आलो. धाकटा भाऊ होता सोबत, काठ्या आपटत गेलो. मोटरीपाशी चिखलात ताजे ठसे होते, एक मोठा आणि त्याच्या मागे दोन बारके.